हातांवर बसणारा मामा

आमचा मामा हातांवर बसायचा. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची असो, विहारातली सतरंजी असो, नाहीतर आमच्या घरातला दिवाण असो, बसताना तो दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायचा आणि अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकायचा. मान ताठ, शर्टाला इस्त्री, खिशाला पेन. रस्त्यानं एखादी वरात वाजतगाजत आली की तो आणखी दाबून बसायचा. लहानपणी आम्हा भावंडांना वाटायचं, मामाच्या हातांना थंडी वाजते. एकदा मी भर उन्हाळ्यात त्याच्यापुढं लोकरीचे हातमोजे नेऊन ठेवले, तर तो इतका हसला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं मोजे पाहिले, मामाकडं पाहिलं आणि ती परत आत गेली.

थंडी नव्हती, लाज होती. ते कळायला मला मोठं व्हावं लागलं.

माझ्या आजोबांना सगळे अण्णा म्हणत. खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या उतरणीला त्यांचं गाव. गावानं जी कामं आमच्या माणसांच्या गळ्यात बांधली होती, त्यात हलगी वाजवणं आलं. ताटाएवढं कडं, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक छडी. कुणाचं लग्न निघालं की अण्णांनी पुढं वाजवत चालायचं, कुणी मेलं तरी पुढं, कुणी साहेब आला तरी पुढं. जेवायला मात्र सगळ्यांच्या मागं, तेही उकिरड्याच्या बाजूला. त्यांच्यासारखा हात त्या भागात दुसरा नव्हता असं म्हणतात. मामाला त्यांनी मांडीवर घेऊन शिकवलं.

मामा दुसरीत असेल, तेव्हा अण्णांनी धम्म स्वीकारला आणि घरी येऊन हलगी चुलीत घातली. कातडं जळायला लागलं तसा मामा रडायला लागला. अण्णांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "हे हात आता कुणापुढं वाजवणार नायत. पुस्तक धरतील." गावाला ते रुचलं नाही. गिरणीवाला दळण घेईना, कुणी कामाला बोलवेना. शेवटी घर शहरात आलं. अण्णांनी मोंढ्यात धान्याची पोती उचलली. आई शिकून शिक्षिका झाली, मामा आयटीआय करून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला.

"पुस्तक धरलं गं," मामा पुढं एकदा मला म्हणाला, "पण बोटं ऐकंनात."

बोटं ऐकत नव्हती ते मी एकदा पाहिलं होतं. माझ्या भाचीच्या नामकरणाला घर माणसांनी भरलं होतं. बायका गाणी म्हणत होत्या. मामाच्या मांडीवर जेवून रिकामं झालेलं स्टीलचं ताट होतं. कधी सुरू झालं कुणाला कळलं नाही, पण गाण्याच्या खालून एक ठेका वर आला. असा की म्हणणाऱ्या बायका हसायला लागल्या आणि गाणं पळायला लागलं. आई वाढत होती. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं, मामाजवळ गेली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. एवढंच. ठेका थांबला. मामा उठून बाहेर गेला आणि चपला घालून सरळ घरी गेला. आईनं परत पळी हातात घेतली. तिचे कान लाल झाले होते.

ती काही कठोर बाई नव्हती. मामावर तिचा जीव होता. आईवडिलांच्या मागं तिनंच त्याचं लग्न लावून दिलं आणि मामी गेल्यावर रोजचा डबाही तिच्याच घरून जायचा. पण तिनं गावातल्या शाळेच्या खिडकीतून बाप दुसऱ्याच्या घोड्यापुढं वाजवत चाललेला पाहिला होता, आणि वर्गातली पोरं तिच्याकडं वळून हसलेली पाहिली होती. मामानं ते पाहिलं नव्हतं. त्याला बापाच्या मांडीची ऊब आठवत होती, तिला वर्गातलं हसू. दोघं एकाच घरात वाढली, पण हलगीचा विषय निघाला की दोघं वेगवेगळ्या गावांतून आल्यासारखी बोलायची. खरं तर बोलायचीच नाहीत.

त्यात मी भर घातली. मी नाटकाचं शिक्षण घेतलं आणि वस्तीतल्या मुलींना घेऊन पथनाट्यं करायला लागले. आमच्यातली नव्या विचाराची मुलं तेव्हा जागोजागी हलगी वाजवायला लागली होती. ज्या वाद्यानं आपल्याला वाकवलं, तेच वाजवत आपण ताठ उभं राहायचं, असं आमचं म्हणणं. मी ते भाषणातही म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. एक दिवस शहागंजातल्या एका दुकानातून चार हलग्या घेतल्या आणि घरी आणल्या. आई निवृत्त झाली होती. ती दारातच उभी राहिली.

"माझ्या बापानं चुलीत घातलं, ते तू विकत आणलंस?"

माझ्याकडं उत्तरं होती, चांगली तयार केलेली. तिचा चेहरा बघून मी हलग्या उचलल्या. तालीम नसेल तेव्हा त्या गॅलरीत राहायच्या, वर जुनी चादर टाकून.

त्यातल्या एकीचं कातडं सैल पडलं, म्हणून ती परत शहागंजात न्यायची होती. मामाला घड्याळाचा पट्टा घ्यायचा होता, तो बरोबर आला. ढोलक, तबले, हलग्या मढवणारे ते दुकानदार चाचा पिढीजात त्याच कामातले. त्यांनी हलगी शेगडीवर धरून तापवली आणि काहीतरी शोधायला वळताना सहज मामाच्या हातात दिली. मामानं ती धरली. आधी नुसता अंगठा फिरवला. मग बोटांनी एक लहानसा तुकडा वाजवला, घोटभर पाणी प्यावं तितकाच.

चाचा होते तिथंच थांबले. "ये हात नया नहीं है, मियाँ. किसके शागिर्द हो?"

"कुणाचाच नाय," मामा म्हणाला आणि हात भाजल्यासारखी त्यानं हलगी खाली ठेवली. बाहेर आल्यावर पट्टा घ्यायचं विसरून आम्ही सरळ चालत राहिलो. चौकात आल्यावर तो म्हणाला, "आक्काला सांगू नको."

पुढच्या रविवारी तो आमच्या तालमीला आला. विहाराच्या मागच्या खोलीत मुली बडवत होत्या, त्याला वाजवणं म्हणता आलं नसतं. मामा कोपऱ्यात खुर्ची ओढून बसला, हात मांड्यांखाली घातले आणि तोंडानं बोल सांगायला लागला. अशी त्याची शिकवणी सुरू झाली. सगळं तोंडानं. हलगीला तो शिवायचाच नाही. कुणाचं मनगट चुकलं तर म्हणायचा, "अगं, दार वाजवायलीस का? घरातलं माणूस झोपलंय असं समजून वाजव." एखादी मुलगी रस्त्यावरच्या पोरांना लाजून हळू वाजवायला लागली तर म्हणायचा, "लाज वाटती ना? मंग नीट वाजव. लाजत वाजवलं की डबल लाज."

आणि एक गोष्ट तो प्रत्येक नव्या मुलीला सांगायचा. "समोर वाजवायचं, पुढं नाय. समोर उभं राहिलं की माणूस आपल्याकडं बघतो. पुढं चाललं की आपल्या पाठीकडं बघतो. लई फरक हाय." मुली माना डोलवायच्या. मी ते वाक्य लिहून घेतलं आणि भाषणात वापरलं. आईला सगळं माहीत होतं. ती विचारत नव्हती आणि रविवारी मामाचा डबा सकाळी लवकर भरून ठेवत होती.

मग त्या महोत्सवाचं बोलावणं आलं. शहरातल्या एका बड्या सांस्कृतिक संस्थेचा कार्यक्रम. गोंधळी होते, कव्वाल होते, बंजारा बायकांचा नाच होता आणि आमच्या मुलींना मंचावर वेळ मिळाला होता. मुलींच्या आया नवीन साड्या नेसून येणार होत्या. दोन दिवस आधी आमच्या मुख्य वाजवणाऱ्या सुजाताला चिकनगुनिया झाला. बोटं सुजून तिला पेलाही धरता येईना. तिच्याशिवाय बाकीच्या मुली ठेका सोडून देत. मी मामाकडं गेले. सुजाताचं सांगितलं आणि त्याच्यासमोर बसले.

"मंचावर ना?" त्यानं विचारलं.

"मंचावरच."

"समोर?"

"समोर."

तो आला, तेव्हा पांढरा शर्ट, काळी पँट आणि पॉलिश केलेले बूट अशा वेषात. संस्थेचा एक तरुण कार्यकर्ता धोतर, घोंगडी आणि पटका घेऊन धावत आला. "काका, हे घाला. तसा लूक पाहिजे."

"आमचा लूक हाच हाय," मामा म्हणाला. मुली फिस्सकन हसल्या. तिथपर्यंत सगळं छान होतं.

थोड्या वेळानं तोच कार्यकर्ता परत आला. पाहुण्यांची गाडी आली होती. गेटपासून मंडपापर्यंत त्यांना वाजवत आणायचं होतं. कार्यक्रमपत्रिकेत तसं काही नव्हतं. मी नाही म्हणाले. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, परंपराच आहे ही. आणि वेळ आधीच कमी पडतोय. गेटवर नसेल जमत, तर मग मंचाचं बघावं लागेल."

मी मामाला म्हणाले, "चल, घरी जाऊ."

मामानं मुलींकडं पाहिलं. त्या ओळीनं उभ्या होत्या, केसांत फुलं माळलेली, हातात हलग्या. मंडपात त्यांच्या आया पहिल्या रांगेत जागा धरून बसल्या होत्या.

"पोरी येणार नायत," तो कार्यकर्त्याला म्हणाला. "म्या एकटा येतो."

मी त्याच्यामागं गेले. गेटवर माणसांची गर्दी होती. पाहुणे गाडीतून उतरले, गळ्यात हार पडले, मामानं हलगी छातीशी घेतली आणि त्यांच्याकडं पाठ करून चालायला लागला. आधी तो कारखान्यातलं काम करावं तसं वाजवत होता, नेमकं आणि कोरडं. मग काय झालं मला सांगता येत नाही. वळणावर त्याचा खांदा सैल पडला. हलगी बोलायला लागली. गर्दी सरकून वाट देत होती ती थांबली, पाहुणे थांबले, कव्वालांची माणसं मंडपाच्या मागून धावत आली. साठी ओलांडलेला, बूट घातलेला तो माणूस असं वाजवत होता की माझ्या अंगावर काटा आला. माणसं मोबाईल वर धरून उभी होती. तेवढ्यात पाहुण्यांसोबतचा, मामाच्या निम्म्या वयाचा एक माणूस ओरडला, "वाजव रे! थांबू नको, वाजव!"

मामा थांबला नाही. आणि माझ्याही हातांनी टाळी धरली होती, हे मला मंडप आल्यावर कळलं.

मुली मंचावर चांगल्या वाजवून गेल्या. मामा त्यांच्यात एका कडेला उभा राहिला, फक्त ठेका धरून. टाळ्या झाल्या, आयांचे डोळे भरून आले. परत येताना मुली पुढच्या गाडीत होत्या, मी आणि मामा मागच्या रिक्षात. मी म्हणाले, "मामा, तुला तिथं न्यायला नको होतं. मला लाज वाटते."

"तुला कशाची वाटती?" तो म्हणाला. "मला कशाची वाटती ते ऐक. त्यानं मला अरे म्हणलं, त्याची नाय. पुढं चाललो, त्याचीबी नाय. ते म्या जाणून केलं, पोरींसाठी. पण मनू, मला बरं वाटलं गं. त्या वळणावर मला इतकं बरं वाटलं की म्या अण्णाला इसरलो. पाहुणा इसरलो. जन्मात पहिल्यांदा पोटभर वाजवलं, आन् ते कुठं? कुणापुढं? सांग, हे कुणाला सांगू?"

रिक्षावाला आरशातून आमच्याकडं बघत होता. मी मामाचा हात धरला. तो अजून ऊन होता.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. कुणीतरी कौतुकानंच टाकला होता, खाली हात जोडल्याच्या खुणा. मग एकेकाचं येत गेलं. कुणी वाहवा केली. कुणी लिहिलं, बाबासाहेबांनी काय सांगितलं ते एवढ्या लवकर विसरलात का? कुणी लिहिलं, भाषणं एक आणि वागणं एक. ते बहुधा माझ्यासाठी होतं. मी लांबलचक खुलासा लिहीत बसले होते. तो पाठवायच्या आत मामाचा मजकूर आला: "चूक माझी आहे. पोरींची नाही. जयभीम."

आईनं त्याला फोन केला. मी समोर होते. ती एवढंच म्हणाली, "बाळू, मला अण्णांच्या फोटोकडं बघवंना झालंय." तिनं फोन ठेवला.

त्यानंतर मामाचं आमच्याकडं येणं बंद झालं. डबा जात राहिला, पण मी नेऊन द्यायचे. दोघं एकमेकांची चौकशी माझ्याकडं करायची. "आक्काचा गुडघा कसाय?" "बाळूनं भाजी खाल्ली का?" विहारात तो मागच्या रांगेत बसायचा आणि वंदना संपायच्या आत निघायचा. दोन-तीनदा आईनं मागं वळून पाहिलं, तोवर जागा रिकामी झालेली असायची. तालमीला मात्र तो येत राहिला. पहिल्या दिवशी मुली गोळा होऊन उभ्या राहिल्या. तोच म्हणाला, "समोर वाजवा म्हणलो आन् म्या पुढं चाललो. आता माझं ऐकायचं का नाय ते तुमी ठरवा." सुजाताची बोटं तेव्हा बरी झाली होती. तिनं हलगी उचलली आणि त्याच्यासमोर येऊन वाजवायला लागली. मामा खाली मान घालून ऐकत राहिला. चुकली तेव्हा म्हणाला, "हं, परत."

एकदा शहागंजात चाचांनी त्याच्याबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. ते कातडं ओढता ओढता म्हणाले, "अरे, इसमें हात का क्या कसूर?" मी ते मामाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "चाचा भला माणूस हाय. पण त्याच्या बापानं काय जाळलं नव्हतं."

उन्हाळ्यात मामा गेला. सकाळी दूध घ्यायला उठला आणि दारातच बसला, तो पुन्हा उठला नाही. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा आई त्याच्याच डब्याची कणीक मळत होती. तिनं हात धुतले नाहीत. तशीच पिठाच्या हातांनी रिक्षात बसली. तिथं पोचल्यावर तिनं मामाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लोक उचलायला आले तरी सोडेना.

अंत्ययात्रेला मुली हलग्या घेऊन आल्या होत्या. सुजातानं आईला विचारलं, "आजी, वाजवू?" आई म्हणाली, "नको गं बाळांनो. आज नको." मुलींनी हलग्या पालथ्या घालून भिंतीशी ठेवल्या आणि त्या रिकाम्या हातांनी चालल्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मामाचं काहीतरी दाखवावं, अशी मुलींची इच्छा होती. मी फोनमधले तालमीचे सगळे व्हिडिओ काढले. भरपूर होते. पण प्रत्येकात मुलीच दिसत होत्या. मामा कुठं दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज, चौकटीच्या बाहेरून: "हं, परत." त्याच्या सगळ्या आयुष्यात तो पोटभर वाजवतो आहे असं एकच चित्रण होतं, आणि ते कुठलं ते आम्हा घरच्यांना आणि मुलींना माहीत होतं. मी ते दाखवलं नाही. फोटो लावला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लोक फोटोला फुलं वाहत होते आणि मला तो कुणा भल्या कारकुनाचा फोटो वाटत होता. एवढा वाजवणारा माणूस गेला, हे तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. त्या लाजेचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी लवकर घरी आले. जिना चढताना हलगी ऐकू आली. वाटलं, मुलींपैकी कुणी आली असेल आणि आईनं तिला आत घेतलं असेल. दार लोटलेलं होतं. आई ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. आवाज तिच्या फोनमधून येत होता. फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवलेला, पडदा खाली.

मी आल्याचं तिला कळलं. तिनं मागं पाहिलं नाही.

"पालथा का ठेवलास?" मी विचारलं.

"बघायचं नाय मला," ती म्हणाली. "ऐकू दे."

मी दारातच उभी राहिले. वळण जवळ आलं तसा ठेका मोकळा झाला. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि पुढं होऊन नळ सोडला, पूर्ण. भांड्यावर पाणी धाडधाड पडायला लागलं. तो माणूस ओरडतो ती जागा पाण्यात बुडून गेली. तिला ती अचूक पाठ होती. मग तिनं नळ घट्ट बंद केला, हात पदराला पुसले आणि परत जुडी घेतली. मामा वाजवत होता.